मेनूत सातच पर्याय हवेत?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दुकानाची वेबसाइट करायची म्हटली की एक सल्ला ठरलेला: मेनूत सातच्या वर पर्याय नकोत, माणसाच्या डोक्यात तेवढंच मावतं.

हे खरं नाही. सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातला. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवायचे तर साधारण सातपर्यंत जमतं, असं त्यात होतं. मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ कोण करतंय!

उलट १९९८ मध्ये संशोधक केविन लार्सन आणि मेरी चेरविन्स्की यांनी ५१२ पानं वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिली. आठ-आठ-आठ अशा तीन पायऱ्यांत लोकांना शोधायला जास्त वेळ लागला. आधी १६ मग ३२, किंवा आधी ३२ मग १६ पर्याय, अशा दोन पायऱ्यांत कमी.

सातच्या हट्टापायी मिठाईवाला कुंदा, करदंट वर ठेवतो आणि पार्सलचे दर 'इतर'मध्ये कोंबतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला नेमके तेच हवे असतात. ('इतर' म्हणजे अडगळीची खोलीच.) नावं स्पष्ट असतील, जवळचे पर्याय शेजारी असतील, तर अकरासुद्धा चालतात. मराठी-कन्नड बदलायचं बटण मात्र प्रत्येक पानावर वरच हवं, ज्या-त्या लिपीत.