सावली कोणाच्या वाट्याला? नागपूरच्या बसथांब्यांची पार्श्वभूमी

23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, पांढऱ्या लाकडी पेटीत झडपांच्या आड ठेवलेल्या तापमापकाचा. उघड्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्याला त्या तापलेल्या हवेसोबतच थेट ऊन सोसावं लागतं, तापलेल्या रस्त्याची झळ लागते, मागच्या भिंतीची धग लागते. विदर्भात बसथांब्यावरचं छप्पर हा त्यामुळे आरोग्याचा प्रश्न आहे. आजवर तो जाहिरातीचा प्रश्न म्हणून हाताळला गेला, आणि बरीचशी अडचण तिथूनच सुरू होते.

पूर्वी शहरातल्या बस एसटी महामंडळ चालवत असे. थांबा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खांब, एक पाटी आणि नशीब असेल तर शेजारी कडुनिंब किंवा चिंच. सावलीचं नियोजन कोणी केलेलं नव्हतं. जुन्या रस्त्यांना झाडं होती, म्हणून ती मिळायची. 2007 मध्ये महापालिकेनं खासगी कंत्राटदारामार्फत स्टार बस सुरू केली. पुढे सेवेचं नाव ‘आपली बस’ झालं, तरी बर्डीच्या, म्हणजे शहराच्या मध्यातल्या सीताबर्डी बाजाराच्या, गर्दीत आजही ‘स्टार बस’ हेच नाव ऐकू येतं. बस बदलल्या, कंत्राटदार बदलले. थांब्यांचा कारभार मात्र बससेवेपासून वेगळाच राहिला.

तो वेगळा का राहिला, याचं उत्तर फ्रान्समध्ये सापडतं. 1964 साली लिऑन शहरात जाँ-क्लोद देको या उद्योजकानं एक तोडगा काढला: निवारा मी बांधतो, निगाही मीच राखतो, शहरानं मला त्यावर जाहिराती लावू द्याव्यात. तिजोरीतून पैसा न जाता थांबा उभा राहतो म्हटल्यावर जगभरच्या पालिकांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या नावानं आली.

या व्यवहारात ठेकेदाराचं गिऱ्हाईक थांब्यावर उभं नसतं, ते समोरून गाडीतून जात असतं. स्टीलचे खांब, दिव्यांनी उजळलेले फलक आणि पातळ पत्र्याचं अरुंद छत, ही सगळी रचना त्याच्या नजरेसाठी आहे. जागाही त्याच हिशेबानं ठरते. वर्धा रोड, धरमपेठ इथल्या फलकाला भाव येतो. पारडी, कळमना, यशोधरानगरकडच्या फलकाला तो येत नाही, त्यामुळे तिथे निवारा बांधण्यात ठेकेदाराला फायदा नसतो. पण याच भागांतून पहाटे निघून धुणीभांडी करणाऱ्या बाया, हिंगण्याच्या एमआयडीसीत जाणारे मजूर, कॉलेजला निघालेली पोरं यांना बसशिवाय पर्याय नसतो. ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत त्या सिव्हिल लाइन्सला मात्र दाट झाडीही आहे. हे कोणी कट करून घडवलं असं मी म्हणत नाही. पैसा जिकडून यायचा तिकडे सावली गेली, आणि हे बदलणं पालिकेच्या हातात होतं.

उन्हाचा कोन तर कुठल्याच निविदेत आला नाही. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरीस, म्हणजे नवतपाच्या, उन्हाळ्यातल्या सर्वांत तप्त मानल्या जाणाऱ्या नऊ दिवसांत, भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि कसलंही छत तेवढ्यापुरतं कामी येतं. चारच्या सुमारास तो पश्चिमेला क्षितिजापासून साधारण 37 अंशांपर्यंत उतरतो. अडीच मीटर उंचीच्या छताची सावली तेव्हा सव्वातीन मीटरहून अधिक सरकते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या थांब्यात ती बाकाच्या मागे जाऊन पडते आणि बसलेल्याच्या तोंडावर सरळ ऊन येतं. वर्धा रोडवर बर्डीहून दक्षिणेला खापरीकडे परतणाऱ्यांचे थांबे नेमके असे, रस्त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेकडे तोंड करून आहेत. समोरच्या बाजूला तोच निवारा चार वाजता चांगली सावली देतो, कारण तिथे मागचा फलक ऊन अडवतो. दोन्ही बाजूंना एकच नकाशा वापरला की असं होणारच. वरचा पत्रा तापून खाली धग टाकतो ती वेगळी, आणि स्टीलच्या बाकावर तर दुपारी बसवतच नाही.

दरम्यान डांबरी रस्त्यांच्या जागी सिमेंटचे रस्ते आले. रुंदीकरणात झाडं गेली. उरलेल्यांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं. दिवसभर साठवलेली उष्णता हे रस्ते रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात.

उष्णतेकडे धोरण म्हणून पाहणं आपल्याकडे उशिरा सुरू झालं. 2010 च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादनं 2013 मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. नागपूरचा आराखडा 2016 मध्ये आला. इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी यावर त्याचा भर होता. ही कामं मोलाची आहेत, त्यांनी जीव वाचतात. पण थांब्याची रचना आराखड्याच्या मध्यभागी कधी आली नाही. अलीकडे उन्हाळ्यात चौकातल्या सिग्नलवर हिरवी नेट बांधली जाते, ती मिनिटभर थांबणाऱ्या दुचाकीस्वारासाठी. अर्धा तास उभ्या राहणाऱ्या बसप्रवाशाचा हक्क त्याआधीचा आहे.

पर्याय आहेत. लॉस एंजेलिसनं 2022 मध्ये मंजूर केलेल्या योजनेत निवारा कुठे बांधायचा हे ठरवताना ऊन, प्रवासीसंख्या आणि वस्तीची गरज यांना प्राधान्य दिलं. अहमदाबादला लाल दरवाजाच्या बसस्थानकावर वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे फवारे लावले गेले. आपल्या कोरड्या हवेत वाळा किती काम करतो हे कुलर भरणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला ठाऊक आहे. दमट पावसाळ्यात तो निरुपयोगी, म्हणून खोल छत, पश्चिमेची जाळी आणि झाड हाच पाया धरावा लागेल.

इलेक्ट्रिक बससाठी 2023 मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली. तिच्यातला पायाभूत सुविधांचा मुख्य भर डेपो आणि चार्जिंगवर आहे, त्यामुळे थांब्यांचा पैसा शहरालाच उभा करावा लागणार. प्राधान्य कोणत्या थांब्यांना द्यायचं, हे ठरवायला नवी पाहणीही लागू नये. कोणत्या टप्प्यावर, किती वाजता, किती तिकिटं फाटली याची नोंद कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये होते. दुपारी 12 ते 5 मधल्या त्या नोंदी काढून छप्पर नसलेल्या थांब्यांच्या यादीशेजारी ठेवाव्यात, आणि पुढची निविदा निघण्याआधी ती यादी लोकांसमोर मांडावी.