डोळ्याची नस सुजली, मग रक्त कशाला तपासतात?

नाशकात हल्ली कोणाला डोळा हलवताना दुखून अचानक धूसर दिसायला लागलं आणि डॉक्टर ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) म्हणाले, की एमआरआयच्या चिठ्ठीखाली अजून दोन नावं असतात, एक्यूपी४ आणि मॉग, म्हणजे शरीराच्याच दोन प्रोटीनवर उलटणाऱ्या अँटीबॉडी रक्तात आहेत का ते बघणाऱ्या टेस्ट. सॅम्पल बाहेरगावी जातं, रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि घरचे विचारतात की आजार डोळ्याचा, तर रक्त कशाला?

प्रश्न रास्तच आहे, कारण २००४ पर्यंत एक्यूपी४ची टेस्टच नव्हती. त्याआधीचा सगळा भरवसा होता अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलवर. ४५७ पेशंट, १९९२ साली पहिला निकाल. त्यात दिसलं की शिरेतून स्टिरॉइड दिलं तर नजर लवकर येते, पण सहा महिन्यांनी बघितलं तर न दिलेल्यांचीही जवळपास तेवढीच आलेली असते, आणि नुसत्या नेहमीच्या डोसच्या गोळ्या दिल्या तर दुखणं उलटण्याचं प्रमाण उलट वाढतं. मग सगळीकडे तेच, नजर येईल, घाबरू नका, पुढे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) होतो का ते बघू. आता यातली मेख अशी की ते पेशंट बहुतेक गोरे होते, एका डोळ्याचे होते, आणि एमएस तिकडे आपल्यापेक्षा खूप जास्त. म्हणजे तो दिलासा आपल्याकडच्या प्रत्येक पेशंटला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

खरंतर एमएसपेक्षा वेगळाही एक आजार आहे याची कुणकुण जुनीच. फ्रान्समधल्या देविक यांनी १८९४ मध्येच डोळ्याची नस आणि मज्जारज्जू दोन्ही धरणारा आजार मांडला होता, पण पुढे शंभरेक वर्षं बरेच जण त्याला एमएसचाच प्रकार समजत राहिले. २००४ ला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हांडा लेनन आणि सहकाऱ्यांना या पेशंटच्या रक्तात वेगळी अँटीबॉडी सापडली, २००५ ला कळलं की ती अ‍ॅक्वापोरिन-४ (हाच एक्यूपी४) नावाच्या, पेशीत पाणी ये-जा करू देणाऱ्या प्रोटीनवर हल्ला करते. या आजारात नजर परत येण्याची खात्री कमी, प्रत्येक अटॅक काहीतरी कायमचं घेऊन जातो, त्यात बायकांचं प्रमाण खूप जास्त, आणि एमएसची इंटरफेरॉनसारखी काही औषधं दिली तर बिघडू शकतं. म्हणून नुसतं "सूज आहे" एवढ्यावर भागत नाही.

मॉग, म्हणजे नसांच्या आवरणावरचं प्रोटीन, त्याच्या टेस्टचं त्यामानाने उशिरा जमलं. जुन्या पद्धतीत निरोगी माणसंही पॉझिटिव्ह यायची, जिवंत पेशींवर तपासणी सुरू झाली तेव्हा कुठे चित्र स्वच्छ झालं, आणि निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष तर २०२३ ला आले. मॉगच्या आजारात बऱ्याचदा दोन्ही डोळे एकदम जातात, बघणाऱ्याचा धीर सुटतो, पण स्टिरॉइडने नजर छान परत येते, फक्त डोस भरभर कमी केला की पुन्हा उलटतं.

एक्यूपी४ पॉझिटिव्ह आला तर इम्युनिटी दाबणारं औषध लांब चालतं, आपल्याकडे बहुतेक रिटुक्सिमॅब, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट. मॉगमध्ये पहिल्याच अटॅकला ते सगळ्यांना देत नाहीत. अटॅकमध्ये मात्र रिपोर्टची वाट बघत स्टिरॉइड थांबवत नाहीत, पण प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलायची वेळ येणार असेल तर रक्त त्याच्या आधी काढून ठेवावं लागतं, नाहीतर अँटीबॉडी धुऊन निघते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.