३.८ ची २.४ झाली म्हणजे नक्की काय?

रामबागेतल्या आमच्या मावशीची स्तनाच्या कॅन्सरची गाठ पहिल्या एमआरआयमध्ये ३.८ सेंमी होती, किमोचे काही डोस झाल्यावर २.४ आली आणि रिपोर्टखाली लिहिलेलं 'पार्शल रिस्पॉन्स'. पोह्यांवर जीरावन मसाला टाकता टाकता मावशी म्हणे, "पार्शल म्हणजे अर्धवटच ना रे?" तिला सांगायला म्हणून शोधत बसलो तर मोजमापाचं हे प्रकरण बरंच जुनं निघालं.

१९१३ मध्ये बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या सर्जनने ऑपरेशनमध्ये काढलेल्या जवळपास ३००० स्तनांचे एक्स-रे घेतले, म्हणजे पेशंट समोर नव्हतीच. जिवंत पेशंटवरचं काम अमेरिकेत स्टॅफोर्ड वॉरेनने १९३० ला छापलं आणि खास मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, मशीन यायला १९६० चं दशक उजाडलं. स्टेजची टीएनएम पद्धत पिएर देन्वा या फ्रेंच सर्जनने १९४३ ते १९५२ मध्ये बसवली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे काखेतले वगैरे लिम्फ नोड, एम म्हणजे लांब कुठे पसरलाय का. २ सेंमीपर्यंत टी१, ५ पर्यंत टी२, त्यापुढे टी३. मावशी टी२.

पण औषध लागू पडतंय का हे कसं कळणार, तर डॉक्टर बोटांनी चाचपूनच मापायचे. मग १९७६ मध्ये एक भारी प्रयोग छापून आला, १६ अनुभवी कॅन्सर डॉक्टरांना फोमखाली ठेवलेले १२ गोळे मोजायला लावले, आता गोळे काही आक्रसत नाहीत, तरी मापं जुळेनात! त्यामुळे थोडंसं कमी दिसलं तर ती हाताची चूकसुद्धा असू शकते. १९७९ च्या डब्ल्यूएचओच्या नियमात लांबी गुणिले रुंदी निदान ५०% कमी हवी होती. २००० साली रेसिस्ट नावाचे नवे नियम आले, त्यात फक्त सगळ्यात मोठी लांबी, ती ३०% घटली की पार्शल. नियम ढिला केला असं वाटतं, पण ०.७ गुणिले ०.७ करून बघा, ०.४९ येतं, म्हणजे निम्मंच उरतं, जवळपास तेच. मावशीची ३७% घटली, म्हणून पार्शल.

१९८० च्या दशकात गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियम नावाचं द्रव्य टोचून एमआरआय सुरू झाला, पेट स्कॅनमध्ये तर गाठ साखर किती खाते ते दिसतं, कधीकधी आकार बदलायच्या आधीच.

आणि हो, किमोआधी मावशीच्या गाठीत एक बारीक क्लिप बसवलीये, कारण गाठ स्कॅनवर पूर्ण गायब झाली तरी सर्जनला ती जागा सापडायला हवी, तिथला तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघतातच.