खाडीच्या पाण्याचं काय काय निघतं?

ऐरोलीच्या खाडीचं बाटलीभर गढूळ पाणी घरात तासभर न हलवता ठेवलं, की तळाशी गाळाचा थर धरू लागतो. नदीचं गढूळ पाणी इतक्या लवकर निवळत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. हे झालं कलिल. खाडीतले क्षार हा भार निष्प्रभ करतात, मग कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हाही साधारण हेच घडतं. नदी खाडीला मिळते तिथे गाळ साचतो, त्यामागेही हे एक कारण आहे.

गाळासकट पाणी म्हणजे विषमांगी, म्हणजे सगळीकडे सारखं नसलेलं, मिश्रण. वरचं नितळ पाणी गाळून घेतलं तर ते समांगी: कुठलाही थेंब चाखा, खारटपणा तोच. (खाडीचं पाणी चाखायला मी सांगत नाहीये!) तरी ते मिश्रणच, कारण त्यातलं प्रमाण ठरलेलं नाही. मे महिन्यात खाडी जास्त खारट असते, जुलैच्या पावसात बरीच कमी.

मिठागरात हेच पाणी उन्हात आटवतात. आधी चुन्याचे क्षार सुटतात, आणि पाणी सुमारे एक दशांश उरलं की मीठ धरू लागतं. शेवटी मॅग्नेशियमच्या क्षारांचं कडू पाणी उरतं. सगळं काम उन्हाचं. कुठल्याही पदार्थाची मूळ जात बदललेली नाही.

निव्वळ मिठाची गोष्ट वेगळी. ते ऐरोलीचं असो की युरोपातल्या खाणीतलं, त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 39 ग्रॅम सोडियम आणि 61 ग्रॅम क्लोरीन. मीठ हे संयुग आहे, म्हणजे त्यातले घटक ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडलेले असतात. ऊन, गाळणी, चाळणी यांनी ते फुटत नाही. 801 अंश सेल्सिअसला वितळवून त्यातून वीज सोडावी लागते.

आणि जे रासायनिक क्रियेनेही फुटत नाही, ते मूलद्रव्य. ही यादी मात्र सहजासहजी ठरलेली नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने 1789 मध्ये केलेल्या 33 मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णतासुद्धा होती, शिवाय चुनाही. 1808 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्याच चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं. क्लोरीनचं उलटं झालं: त्यात ऑक्सिजन दडलेला आहे असं बहुतेक रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते, तो काही केल्या निघेना, तेव्हा 1810 मध्ये डेव्हीनेच क्लोरीनला मूलद्रव्य ठरवलं.