बालगंधर्वांसारखं नेसायचं : मराठी फॅशनमागचे चेहरे

२०१३-१४ च्या सुमारास सराफाच्या दुकानात "जान्हवीचं मंगळसूत्र दाखवा" एवढं म्हटलं की पुरत असे. वजन, पदर, वाट्या, काही सांगावं लागत नसे. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतल्या नायिकेच्या गळ्यातला दागिना गावोगावी तिच्याच नावाने विकला जात होता. जान्हवी नावाची बाई प्रत्यक्षात नव्हतीच, पण याचं सोयरसुतक ना गिऱ्हाइकाला होतं ना सराफाला. आदल्या पिढ्यांनी असाच 'साधना कट' मागितला होता, 'मुमताज साडी' मागितली होती. त्याच्याही आधी, शंभरेक वर्षांपूर्वी, पुण्यामुंबईच्या खात्यापित्या घरांतल्या बायका ज्या व्यक्तीकडे बघून लुगडं कसं नेसावं ते ठरवत होत्या, ती व्यक्ती पुरुष होती.

नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करणारे गायक-नट बालगंधर्व. मराठी बाईच्या वेशभूषेचा पहिला मोठा सार्वजनिक आदर्श एक पुरुष होता, हे बहुधा गंमत म्हणून सांगितलं जातं. मला त्यात गंमत कमी आणि अपरिहार्यता जास्त दिसते. त्या काळात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणं जवळपास अशक्य होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारचौघांत नटूनथटून वावरणाऱ्या, परक्यांनी आपल्याकडे बघावं हा ज्यांच्या पेशाचाच भाग होता अशा बायका म्हणजे कलावंतिणी, बैठकीत गाणाऱ्या, तमाशात नाचणाऱ्या. शालू कुठला उठून दिसतो, कुठल्या दागिन्यावर कुठला दागिना चढवायचा नाही, केसांत फूल कुठे माळायचं, ही सगळी जाण त्यांच्यापाशी होती. पण घरंदाज बाईने त्यांच्यासारखं दिसणं म्हणजे थेट अब्रूला हात. पदर जरा ढळला किंवा गजरा जरा मोठा झाला की घरातून काय ऐकावं लागे, ते वेगळं सांगायला नको.

तरीही या बायका घरात शिरल्या, त्या चित्रांतून. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी चौदा पौराणिक चित्रं केली. मग १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती भिंतीभिंतीवर लागल्या. हौशी बायका त्या छापील देवतांच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवत. रविवर्मांच्या अनेक नायिका मराठी पद्धतीचं लुगडं नेसलेल्या आहेत, आणि त्यांच्यासमोर चित्रासाठी बसणाऱ्यांत गाणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रिया होत्या. गोव्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांचं नाव या संदर्भात हमखास निघतं. भेंडीबाजार घराण्याच्या या गायिकेचं रूप रविवर्मा आणि चित्रकार म. वि. धुरंधर या दोघांच्याही चित्रांमागे होतं, असं सांगतात. अंजनीबाईंना १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, ती अर्थात गाण्यासाठी. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. चित्रांच्या बाबतीत मात्र नाव राहिलं ते चित्रकाराचं. जिच्यासारखं नेसायला घरात बंदी, तिच्याच रूपातल्या देवीपुढे रोज उदबत्ती लागत होती!

चित्रातली देवी मात्र हलत नाही. पदर सावरताना हात कसा जातो, पायऱ्या उतरताना निऱ्या कशा धरायच्या, नथ घालून बोलायचं कसं, हे चित्र शिकवत नाही. ते रंगभूमीने शिकवलं.

किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका आधीच गाजवल्या होत्या. १९०५ मध्ये बालगंधर्व त्याच कंपनीत शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. १९११ मध्ये 'मानापमान'मधली भामिनी आली, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. नक्कल झाली ती मुख्यतः या भामिनीची आणि रुक्मिणीची. 'एकच प्याला'तल्या सिंधूने १९१९ मध्ये बायकांना ढसाढसा रडवलं, पण दारुड्याच्या बायकोचं फाटकं लुगडं कुणाला हवं होतं?

त्यांची छायाचित्रं निवांत बघण्यासारखी आहेत. कामाच्या रगाड्यातली नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली असते, काष्टा घट्ट, पदर कमरेला. बालगंधर्वांची नऊवारी पायघोळ आहे. निऱ्या सरळ खाली पडतात, पदराचा काठ पूर्ण दिसेल असा खांद्याभोवती आणलेला, अंबाड्यावर फुलं, नाकात मोत्यांची नथ, मनगटात पाटल्या नि तोडे. हे लुगडं कामाचं नाही हे पाहताक्षणी कळतं. ते फुरसतीचं आहे. आणि नेमकी हीच गोष्ट नव्याने हातात पैसा आलेल्या, घरी स्वयंपाकाला माणूस असलेल्या वकील-डॉक्टरांच्या कुटुंबांतल्या बायकांना हवी होती. आजीसारखं नेसायचं नव्हतं, मडमेसारखं दिसायचं नव्हतं, कलावंतिणीसारखं तर मुळीच नाही. मधली वाट कुणीतरी नेसून दाखवायला हवी होती. ब्राह्मण घरातला, टिळकांनी ज्याला 'बालगंधर्व' म्हटलं असा मुलगा ती नेसून दाखवत होता, त्यामुळे त्याची नक्कल करण्यात बदनामीचं भय नव्हतं. घरचे पुरुषच त्याच्यावर फिदा असल्यामुळे हरकत घेणार कोण?

बाजारानेही हे ताबडतोब हेरलं. बालगंधर्वांची छायाचित्रं साबणापासून पावडरीपर्यंत विक्रीच्या मालावर दिसू लागली. बालगंधर्व स्वतः पैशाच्या बाबतीत व्यापाऱ्याच्या अगदी उलट. रंगमंचावर खरे शालू, खरे गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ, असा थाट करता करता कंपनी कर्जात बुडाली. पण तो शालू खोटा असता तर पहिल्या रांगेतल्या बाईच्या तो लगेच लक्षात आला असता, हेही खरं.

असाच प्रकार गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक यांच्या बाबतीत घडत होता. १९०१ च्या नाटकातली 'सुंदरी' ही भूमिका इतकी गाजली की ते नाव त्यांना कायमचं चिकटलं, आणि मुंबईच्या गुजराती बायका 'जयशंकर सुंदरी'ची चाल आणि नेसण उचलू लागल्या. एकाच शहरात, एकाच काळात, दोन भाषांत, दोन पुरुष. तेव्हा हा एका माणसाच्या रूपाचा चमत्कार नव्हे. समाजाने बायकांना पडद्याआड ठेवलं, आणि त्यांनी कसं दिसावं हे दाखवण्याचं काम पुरुषांकडे गेलं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ३१ जुलैला, त्याच मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली, आणि सप्टेंबरात मदुराईला स्वतः पंचा नेसायला सुरुवात केली. वेशभूषेचा आदर्श म्हणून गांधीजींकडे आपण क्वचितच बघतो. पण एका माणसाला बघून लाखो लोकांनी कपडे बदलावेत, हे या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. भामिनीच्या जरीला टाळ्या देणारे काही हात त्या होळीत कापड टाकणाऱ्यांतही असतील, आणि मला त्यात विसंगतीही वाटत नाही.

सिनेमाची सुरुवातही पुरुषापासूनच झाली. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाने लुगडं नेसलं. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या दुर्गा खोटे, चांगल्या घरच्या, शिकलेल्या. इथे समीकरण पालटलं. आता पडद्यावर खरी बाई होती आणि ती 'आपल्यातली' होती. तीन वर्षांनी बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त आले, ते संत एकनाथ म्हणून. ते रूप कुणी उचललं नाही.

दरम्यान एक मराठी मुलगी वेगळ्याच वाटेने गेली होती. रविवर्मांकडून चित्रं करून घेणाऱ्या सयाजीरावांची ती लेक, इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून तिने १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. १९२२ मध्ये तिशीतच वैधव्य आलं. पांढरं नेसायचं तर तिने फ्रान्समधून शिफॉन मागवलं, त्याच्या साड्या केल्या, गळ्यात मोती घातले. बुटांसाठी इटलीचा फेरागामो. विधवेने अंगावर काय घालावं यावर इथे शास्त्रार्थ चालत होता त्या काळात हिच्या पांढऱ्या शिफॉनची नक्कल संस्थानी वर्तुळांत होऊ लागली. मध्यमवर्गीय बाईपर्यंत ती साडी यायला आणखी बरीच वर्षं आणि बरेच सिनेमे लागले. पण नऊवारीच्या राजवाड्यात वाढलेल्या मुलीने शिफॉन रूढ करावं, याची मराठीत जेवढी आठवण ठेवायला हवी तेवढी ठेवलेली दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर आदर्श थेट परदेशातून येऊ लागले. १९५३ मध्ये पॅरिसमध्ये ह्युबर्ट द जिव्हॉन्शी या तरुण ड्रेस डिझायनरला मिस हेपबर्न भेटायला येणार असा निरोप मिळाला. तो वाट बघत होता हॉलिवूडची नटी कॅथरीन हेपबर्न हिची, दारात आली दुसरी नटी, ऑड्री हेपबर्न. त्या गैरसमजातून सुरू झालेलं नातं ऑड्रीच्या मृत्यूपर्यंत टिकलं. चित्रकारापुढे बसणारी आणि लोक जिची नक्कल करतात ती, अशा दोन्ही भूमिका एकीच्याच वाट्याला आल्याचं याहून ठळक उदाहरण नाही. ऑड्रीच्या कपाळावरची झुलपं १९६० मध्ये 'लव्ह इन सिमला'त साधनाच्या कपाळावर आली. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना तिचं कपाळ फार रुंद वाटत होतं, एवढंच कारण. पण बघता बघता पुण्यापासून नागपूरपर्यंत कॉलेजातल्या मुली केस कापून घरी येऊ लागल्या. कुंकवासाठी कपाळ मोकळं हवं म्हणणाऱ्या आयांची काय अवस्था झाली असेल!

त्याच साधनाला १९६५ च्या 'वक्त'मध्ये अंगाबरोबर बसणारा, बिनबाह्यांचा कुर्ता आणि चुडीदार घातला तो भानू अथैया यांनी. त्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब हे चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या वर्तुळातले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाबरोबर चित्रं मांडली, मग बायकांच्या मासिकासाठी कपड्यांची रेखाटनं करता करता 'सीआयडी'पासून सिनेमात शिरल्या. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'तली मुमताजची नारिंगी साडी त्यांचीच. नाचताना सुटू नये म्हणून ती चक्क शिवलेली होती, निऱ्यांसकट, चेन लावून. आज बाजारात 'रेडी टू वेअर' साडी किंवा शिवलेली नऊवारी मिळते, त्यामागची युक्ती हीच. १९८३ मध्ये भानूताईंना 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं.

तरी दुकानात साडी मुमताजचीच राहिली. 'भानू साडी' कुणी मागितली नाही. रविवर्मांच्या वेळी चित्रकाराचं नाव उरलं आणि बाई विस्मृतीत गेली, इथे पडद्यावरच्या बाईचं नाव उरलं आणि रेखाटणारी मागे पडली. जान्हवीच्या मंगळसूत्राच्या वेळी तर घडवणाराही नाही आणि घालणारी अभिनेत्रीही नाही, नाव लागलं ते पात्राचं.

आता हा प्रश्न कोर्टात पोचला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा, इतकंच काय 'झकास' हा त्यांचा शब्दसुद्धा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई केली. साबणाच्या वेष्टनावरचे बालगंधर्व आज असते तर त्यांनाही असा आदेश मागता आला असता, आणि कर्ज थोडं तरी फिटलं असतं. पण नऊवारी पायघोळ नेसण्याची ती तऱ्हा, कपाळावरची झुलपं किंवा साडीला लावलेली चेन, यांवर अशा आदेशाचा काही उपयोग नाही. हे सगळं शिंपी, ब्युटी पार्लरवाली आणि सराफ आजही मोबाइलवरचा फोटो बघून बिनदिक्कत उतरवतात.