बटण दाबलं, पण पंखा हललाच नाही

सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडला, कॅबिनेटचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की बहुतेकांचा पहिला संशय मदरबोर्डवर जातो. लगेच दुकानात फोन, बोर्ड बदलून देण्याची मागणी. पण नव्या जोडणीत बरेचदा दोष निघतो तो अर्धवट बसलेल्या केबलचा. बटण दाबल्यावर आत कशानंतर काय घडतं हे ठाऊक असेल, तर गाडी कुठे अडली ते घरबसल्या ओळखता येतं.

1995 साली इंटेलने मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठ्यासाठी एटीएक्स ही प्रमाण मांडणी आणली. त्याआधीच्या मशिनमध्ये समोरच्या स्विचमधून थेट मेन्सची वीज जायची. एटीएक्समध्ये बटण फक्त मदरबोर्डला इशारा देतं. तो इशारा कळायला बोर्ड आधीपासून थोडा जागा असावा लागतो, म्हणून एसएमपीएसच्या, म्हणजे मेन्सची वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच चालू केला की 24 पिनांच्या केबलमधली जांभळी वायर बोर्डाला सतत 5 व्होल्ट देत राहते. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो. मग एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाले, की 100 ते 500 मिलिसेकंदांत करड्या वायरीवरून ‘सगळं ठीक’ असा संकेत पाठवतो. तोवर प्रोसेसर कामाला लागत नाही.

काहीच हललं नाही, तर आधी मागचा स्विच आणि भिंतीतला सॉकेट पाहा. नंतर 24 पिनांचा कनेक्टर. तो जरा ताकद लावूनच बसतो. खटका अडकल्याचा ‘टक्’ आवाज आला नसेल, तर तो पूर्ण बसलेला नाही असंच समजा. कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर शेजारच्या पिनांवर गेली असण्याचीही दाट शक्यता असते. या वायरीला उलटसुलट नसतं. एलईडीच्या वायरीला मात्र असतं.

पंखे क्षणभर हलून थांबत असतील, तर बहुधा एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय आणि तो स्वतःहून बंद होतोय. बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) हे त्याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण जास्त घातक आहे: जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावणं. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही सामायिक प्रमाण नाही. केबल आत बसते, पण 12 व्होल्ट भलत्याच पिनवर जाऊ शकतात आणि त्यात हार्ड डिस्क जळते. नव्या डब्यातल्याच केबल वापरा, यात तडजोड नको.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळाच राहतो, तेव्हा प्रोसेसरजवळची 4+4 पिनांची केबल पाहा. ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि नवशिक्यांकडून हमखास राहून जाते. प्रोसेसरला साधारण 1.2 व्होल्ट लागतात. 120 वॉटसाठी त्या दाबाला 100 अँपिअर वाहून न्यावे लागतील, म्हणजे वायरी खूपच जाड हव्यात. तेच 12 व्होल्टला 10 अँपिअरमध्ये भागतं. म्हणून वीज 12 व्होल्टने आणून प्रोसेसरच्या अगदी शेजारी तिचा दाब उतरवला जातो. ग्राफिक्स कार्डाची 6+2 पिनांची केबल तशीच दिसते, पण तिच्यात 12 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट आहेत. ती जोर करून इथे कोंबू नका.

ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, 8 पिनांच्या केबलमधून आणखी 150. नव्या 16 पिनांच्या कनेक्टरमधून तर 600 वॉट, म्हणजे 50 अँपिअर जातात. जिथे धातूचा स्पर्श अपुरा, तिथे रोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2022 च्या अखेरीस काही महागड्या कार्डांचे असे कनेक्टर वितळले, त्यात अर्धवट बसवणं हे एक प्रमुख कारण निघालं. या कनेक्टरची फट डोळ्यांनी तपासा, हाताच्या अंदाजावर सोडू नका.

एसएमपीएसवरच शंका असेल, तर मेन्स बंद करून सगळ्या केबल बोर्ड आणि इतर भागांतून काढा, 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि शेजारची काळी (ग्राउंडची) वायर पेपरक्लिपने जोडा, मग मेन्स चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान सुरू होतो एवढं कळतं. भार पेलतो की नाही, ते नाही. काही मॉडेलमध्ये भार नसताना पंखा थांबूनच राहतो, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक तक्रार ऐकू येते: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर डबा 230 च्या निम्म्या, सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. इथे दोष कॉम्प्युटरचा नाही, सॉकेटचा आहे. टू-पिन अडॅप्टर काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या पॉइंटचं अर्थिंग मोजून घ्या.