लांबचा रस्ता, लवकर मुक्काम

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पूर्वेकडूनही जाता येतं आणि पश्चिमेकडूनही. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. हा दोरा सायबेरियावरून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि पलीकडे उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशाकडे बघून हे कुणाला पटणार नाही, पण तो दोष नकाशाचा.

एअर इंडियाची विमानं आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात. तो मार्ग साधारण १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली आणि पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी! विमान साडेचौदा तासांत पोचलं.

भागाकार करून बघा. ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर येते. बोइंग ७७७ हवेतून कापतं ताशी ९०० च्या आसपास. वरचे दीडशे वाऱ्याचे. सरकत्या जिन्यावर चालत चढणाऱ्याचं होतं तेच इथं होतं: पाय नेहमीच्याच वेगानं पडतात, माणूस मात्र लवकर वर पोचतो.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि विमानंही नेमकी त्याच उंचीवर उडतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे वरची हवा ध्रुवाकडे निघते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तसा वाराही जोर धरतो. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून तो मोजला होता. पण निष्कर्ष छापले एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत. जपानबाहेर फारसे कुणी वाचलेच नाहीत.

‘पृथ्वी खाली फिरते, म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं’ असं पुष्कळांना वाटतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे असा फुकटचा फायदा मिळत नाही. उलट पश्चिमेला जाताना हा वारा समोरून येतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळानं जेट स्ट्रीम चेकाळला, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात.

दिल्लीच्या त्या प्रवाशांची आणखी एक गंमत. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. साडेचौदा तास उडूनही स्थानिक घड्याळानं प्रवास दोनच तासांचा! परतीचं विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येई. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी.